चव्वेचाळीस मीटर

माझं काम डोळे बघण्याचं.
सव्वीस ट्रक, सव्वीस केबिनी, बावन्न डोळे
माझ्या समोरच्या भिंतीवर रात्रभर करड्या उजेडात.
पापणी दीड सेकंद मिटली
की तिकडे सीटला हिसका बसतो, इकडे लाल दिवा,
आणि मी माइकमध्ये विचारते,
"सतरा नंबर, कसं काय?"
झोप लागली होती असं कुणी म्हणत नाही.
धूळ गेली डोळ्यात, म्हणतात.
आताकामाच्या वाळवंटात धुळीला तोटा नाही.

खाण तीन हजार मीटरवर,
मी खाली आंतोफागास्तात, नवव्या मजल्यावर.
इथून समुद्र दिसला असता.
काचेला काळा कागद लावलाय.

सतरा नंबर म्हणजे एलिसेओ आयाविरे.
दिवसा त्याच्या खोलीचा पत्रा तडतडतो,
पलीकडचा वेल्डर घोरतो (नशीबवान माणूस)
आणि जरा डोळा लागतोय तोच
धाकटीचा फोन येतो, शाळा सुटली म्हणून.
फोन काही तो बंद ठेवत नाही.
सात दिवस झोपेचं खोबरं,
मग सात दिवस घरी, तिथे
रात्री टक्क जागा आणि जेवणाच्या ताटावर पेंगतो.
रक्तदाब वाढलाय, साखर वाढलीय.
डॉक्टरनं लिहून दिलं :
मीठ कमी, चालणं रोज, झोप नीट.
तिन्ही एकाच कागदावर, एकाच घाईच्या अक्षरात.

शिफ्टच्या आधी फॉर्म असतो.
किती तास झोपलात?
सगळेच ७ लिहितात.
४ लिहिणारा एकदा एक जण होता,
त्याला शाबासकी देऊन घरी पाठवलं, बिनपगारी.

पहाटेचे चार बारा.
साखरझोप म्हणतात या वेळेला.
ज्यानं नाव ठेवलं तो अंथरुणात असणार.

एलिसेओनं नंतर सांगितलं :
आई होती, तोकोन्सेच्या शेतात,
खोऱ्यानं तिनं पाटाचं पाणी
लसूणघासाकडे वळवलं.
बस, एवढंच.
पाणी आलं आणि पाय गार झाले.

चार सेकंद.
ताशी चाळीसचा वेग, मागे तीनशे टन दगड.
गुणाकार मी पाकिटाच्या मागे केला,
दोनदा केला. चव्वेचाळीस मीटर
तो ट्रक कुणीच चालवत नव्हतं.
पुढचं चाक, दोन माणसांएवढं उंच,
मातीच्या बांधावर चढलं
आणि तिथे का कोण जाणे थांबलं.
बांधापलीकडे नव्वद मीटर नुसता अंधार.

चौकशीत पहिला प्रश्न : सीटला हिसका बसला नाही?
बसला होता.
त्या रात्रीचा तो बारावा.
अकरा वेळा दचकलेलं शरीर
बाराव्याला ओळख देत नाही.

दुसरा प्रश्न त्यांनी हळू विचारला.
यंत्रातली नोंद म्हणते :
चार बाराला टेबलावर लाल दिवा.
चार सोळाला टेबलावरून आवाज.
मधली चार मिनिटं?

मी डोळ्यांत तेल घालून बसले होते.
खरंच, मला तसंच वाटत होतं.
स्वप्न नाही, पेंग नाही, मान खाली नाही.
लाल रंग दिसतही असेल;
पण लाल म्हणजे काय, ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.
ती माझी सलग नववी रात्र होती,
रोसाउरा बाळंतपणाला गेलेली, बदली नाही.
माझ्यावर रोखलेला कॅमेरा
अजून कुणी बसवलेला नाही.

रिकेल्मेसाहेबांनी कागद सरकवला.
"त्या दिवशी किती तास झोपलात, सेन्योरा ओर्तेन्सिया?"
पेन टेकलं तोवर ७ उमटलासुद्धा.
हाताला सवय.
मी तो खोडला. शेजारी ३ लिहिला.

ते चष्म्यावरून बघत राहिले थोडा वेळ.
मग म्हणाले, "खाडाखोड चालत नाही,"
आणि ड्रॉवरमधून
नवा कोरा फॉर्म काढला.